एका मिनिटात आपोआप ‘हो’: रबाळे एमआयडीसीतल्या टेप बॅकअपचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून थोडं आत, पॅकिंग मशीनचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. पन्नास-पंचावन्न माणसं, एक विंडोज सर्व्हर, टॅलीचा डेटा, ड्रॉइंग विभागाची फोल्डरं आणि एक एलटीओ-६ टेप ड्राइव्ह, म्हणजे कॅसेटसारख्या टेपवर डेटाची प्रत साठवणारं यंत्र. त्यांची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे आहे. २ सप्टेंबर २०१९ ला, गणेश चतुर्थीच्या रात्री, त्या ड्राइव्हमध्ये राहिलेली ऑगस्टअखेरची टेप पुसली गेली. पुसण्याआधी सॉफ्टवेअरने परवानगी मागितली होती आणि एका मिनिटात त्याला ‘हो’ असं उत्तर मिळालं होतं. ते उत्तर द्यायला तिथे माणूस नव्हता. आपोआप ‘हो’ म्हणायचं सेटिंग होतं, आणि ते मी केलं होतं.

टेप ड्राइव्ह असलेल्या कुठल्याही छोट्या ऑफिसात गेलो की एक विनंती हमखास होते: “रात्री तो मेसेज येतो आणि जॉब अडकून बसतो. त्याला परस्पर ओके करता येईल का?” येतं. सेटिंग सोपं आहे, पाच मिनिटांत होतं. पण कुठल्या मेसेजला परस्पर उत्तर द्यायचं आणि कुठल्याला कधीही द्यायचं नाही, हे कळायला आमची एक टेप गेली. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहितोय.

तिथली व्यवस्था

कारखान्यात बॅकअप एक्झेक हे बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर चालतं. टेपा स्वतः बदलणारी लायब्ररी नाही. टेबलावर ठेवलेला एकच ड्राइव्ह, आणि टेप बदलायची ती हाताने. सोमवार ते गुरुवार रात्री ९ वाजता डिफरन्शियल, म्हणजे शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या फाइलींचा. शुक्रवारी पूर्ण बॅकअप. महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी महिनाअखेरचा. दिवसांच्या चार टेपा, आठवड्यांच्या चार, महिन्यांच्या बारा. एलटीओ-६ ची टेप कॉम्प्रेशन न धरता २.५ टीबी घेते आणि यांचा सगळा डेटा १.१ टीबीच्या आसपास, त्यामुळे जागेची अडचण कधीच नव्हती.

टेप बदलायचं काम स्टोअरमधल्या काकांकडे. संध्याकाळी सहाला गेट पासचं पुस्तक मिटलं की काका सर्व्हर रूममध्ये येणार. आदल्या रात्रीची टेप काढून डबीत घालणार, डबीतल्या चिठ्ठीवर पेनने तारीख टाकणार, भिंतीवरचा तक्ता बघून आजची टेप ड्राइव्हच्या तोंडाशी लावणार. ड्राइव्ह ती आत ओढून घेतो, घर्र आवाज येतो, मग हिरवा दिवा स्थिर होतो. तो दिवा स्थिर झाल्याशिवाय काका खोलीचा लाइट बंद करत नसत. त्यांच्याकडून टेप बदलायची राहिली असं मला एकदाही आठवत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवलं गेलं.

जॉब का अडकायचा

तक्रार अशी होती: सोमवारी संध्याकाळी सोमवारचीच टेप आत असते, तरी मंगळवारी सकाळी स्क्रीनवर मेसेज दिसतो की वर लिहिता येईल अशी टेप ड्राइव्हमध्ये घाला. जॉब रात्रभर ‘लोडिंग मीडिया’वर उभा. बॅकअप शून्य.

या एका गोष्टीवर मी जरा जास्त थांबणार आहे. मेसेजला आपोआप उत्तर द्यायचा विचार जिथे जिथे होतो, तिथे बऱ्याचदा मूळ दुखणं हेच असतं.

बॅकअप एक्झेकमध्ये टेप ज्या मीडिया सेटमध्ये, म्हणजे टेपांच्या गटात, असते त्या सेटला दोन मुदती असतात. एक, त्या टेपवर पुढे किती काळ भर घालत राहायची. दुसरी, त्या टेपवर पुन्हा पहिल्यापासून लिहायला किती काळ बंदी. या दुसरीला ओव्हरराइट प्रोटेक्शन पीरियड म्हणतात. आमच्याकडे दिवसांच्या टेपांना ही बंदी सात दिवसांची होती. सोमवारची टेप पुढच्या सोमवारी परत येते, म्हणजे सात दिवस. कोणालाही हाच आकडा सुचेल, मलाही सुचला होता.

पण ही बंदी टेपवरचं शेवटचं लिखाण संपल्यापासून मोजली जाते. सोमवारी ९ ला सुरू झालेला जॉब ९:५० ला संपला, तर सात दिवस ९:५० पासून. पुढच्या सोमवारी ९ ला जॉब उठतो तेव्हा त्याच टेपची बंदी संपायला ५० मिनिटं बाकी असतात. सॉफ्टवेअर बरोबर वागतं: या टेपवर लिहायला मनाई आहे, दुसरी द्या. ९:५० ला बंदी उठते, पण आमच्याकडचा जॉब तोवर मेसेज टाकून बसलेला असायचा आणि कोणीतरी येऊन उत्तर देईपर्यंत तसाच बसून राहायचा.

सकाळी साडेनऊला कोणी ओके दाबलं की जॉब चालायचा आणि वीस मिनिटं कमी-जास्त, सव्वादहाच्या सुमाराला संपायचा. झालं, आता त्या टेपची बंदी पुढच्या मंगळवारी सव्वादहापर्यंत गेली. पुढच्या सोमवारी रात्री जॉब अडकणारच, आणि मंगळवारी सकाळी साडेनऊला ओके दाबलं तरी अडकलेलाच राहणार, कारण पाऊण तास अजून बाकी. असं दर आठवड्याला ते पुढे पुढे सरकत जायचं. शेवटी वैतागून कोणीतरी कपाटातली कोरी टेप फोडायचं. कोरी टेप सॉफ्टवेअर बिनतक्रार घेतं, दोन आठवडे शांतता, मग पुन्हा तेच.

अकाउंट्सच्या मॅडमनी मला एकदा विचारलं होतं, “तुम्ही म्हणालात टेपा वर्षानुवर्षं चालतात, मग आमच्याकडे दोन महिन्यांत पाच नव्या कशा लागल्या?” प्रश्न अगदी नेमका होता. मी त्यावर ड्राइव्ह साफ करायची टेप फिरवली, केबल बदलून पाहिली आणि ड्राइव्ह जुना झालाय असं उत्तर दिलं. त्या दिवशी जॉब संपल्याच्या वेळा एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या असत्या तर पुढचं घडलं नसतं.

माझा इलाज

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. गणपतीला निम्मा कारखाना कोकणात जाणार. काका शनिवारी रात्री ठाण्याहून तुतारी एक्सप्रेस पकडणार आणि आठवडाभराने परतणार. “रोज सकाळी येऊन ओके दाबायला कोणी नाही. तेवढं आपोआप होईल असं बघा.”

गुरुवारी, २९ तारखेला, मी दुरून सर्व्हरवर गेलो. बॅकअप एक्झेकमध्ये अलर्ट कॅटेगरीज नावाचा भाग आहे. टेप घाला, टेप काढा, टेपवर लिहू का, अशा प्रत्येक प्रकारच्या मेसेजची तिथे वेगळी नोंद असते आणि इतक्या वेळाने हा मेसेज आपोआप मिटव व अमुक उत्तर दे, असं प्रत्येकाला सांगता येतं. ‘मीडिया इन्सर्ट’ला मी एक मिनिट आणि ‘ओके’ दिलं. चाचणी घेतली तर मेसेज मिटायचा आणि लगेच पुन्हा यायचा, कारण टेपची बंदी काही उठली नव्हती. मग मी संरक्षणाची पातळी, म्हणजे ती बंदी कितपत पाळायची हे ठरवणारं सेटिंग, बदललं. ती ‘पूर्ण’ होती, मी ‘काहीच नाही’वर आणली. तिथेच एक टिक असते, वापरात असलेल्या टेपवर लिहिण्याआधी विचारा. ती काढायला हात धजावला नाही, म्हणून ठेवली. पण प्रश्न आला की जॉब पुन्हा अडकणार. म्हणून ‘मीडिया ओव्हरराइट’ या कॅटेगरीलाही एक मिनिट आणि ‘येस’ दिलं.

यातला प्रत्येक बदल सुटा पाहिला तर त्या क्षणी त्याला कारण होतं. तिन्ही एकत्र केले की त्याचा अर्थ होतो: ड्राइव्हमध्ये जी असेल ती टेप, तिच्यावर काहीही असलं तरी, एक मिनिट थांबून पुसून टाक. माझ्या मनात ड्राइव्हमध्ये सोमवारची टेप होती. आठवडाभर त्याच टेपवर रोज रात्री लिहिलं गेलं तर फारसं बिघडत नाही, असा हिशेब. महिनाअखेर शनिवारीच, ३१ तारखेला, येतेय हे मी कॅलेंडरात पाहिलं नाही, आणि केलेला बदल काकांना कळवला नाही.

ती रात्र

पुढचं सगळं नंतर नोंदींतून वाचलं. शनिवारी संध्याकाळी काकांनी तक्त्याप्रमाणे महिनाअखेरची टेप घातली आणि गावाला निघाले. रात्री ९ ला जॉब सुरू, पडताळणीसकट पहाटे तीनच्या पुढे पूर्ण. यशस्वी झाल्याचा मेल रविवारी सकाळी सगळ्यांना गेला. रविवार सुट्टी. सोमवारी चतुर्थी, कारखाना बंद, टेप तिथेच.

सोमवारी ९:०२ ला अलर्ट: ड्राइव्हमधली टेप वापरात आहे, तिच्यावर लिहायचं का? त्या ओळीत टेपचं लेबलही होतं, ‘महिनाअखेर ऑगस्ट १९’. ९:०३ ला उत्तर: येस. ९:४१ ला जॉब पूर्ण, ३८ जीबी, यशस्वी. मेल गेला. कोणीही उघडला नाही, कारण त्यात लाल रंगाचं काही नव्हतं.

नुसती महिन्याची एक प्रत गेली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या शनिवारी ड्रॉइंग विभागाने एक जुना पीसी बंद केला होता. त्याची डिस्क कुरकुर करत होती. त्यातली २०११ ते २०१४ ची सुमारे १४० जीबी ड्रॉइंग त्यांनी सर्व्हरवर एका वेगळ्या डिस्कवर आणून ठेवली, आणि ती डिस्क फक्त महिनाअखेरच्या जॉबमध्ये होती. टेपवर गेलं की सर्व्हरवरून काढू, जागा कमी आहे, असं ठरलं होतं. बुधवारी ४ तारखेला ऑफिस थोडंफार सुरू झालं, त्यांनी रविवारचा यशस्वी मेल पाहिला आणि फोल्डर काढून टाकलं. त्यांच्या हातात पुरावा होता. फक्त तो पुरावा ज्या टेपबद्दल होता ती टेप दोन रात्री आधीच पुसली गेली होती.

नोव्हेंबर

२०१२ मध्ये विकलेल्या एका मशीनच्या कॅमचा सुटा भाग हवा म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा हे उघड झालं. टेप आणली, डबीवर काकांच्या अक्षरात ‘३१/८’ लिहिलेलं, आत घातली, यादी काढली. त्यात सोमवारचे ३८ जीबी. बाकी काही नाही.

साहेबांनी विचारलं, “एक टीबीच्या टेपवर चाळीस जीबी लिहिलं, तर बाकीचं मागे शिल्लक असेल ना?” हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर समजून घेण्यासारखं आहे. एलटीओ-६ ची पट्टी ८४६ मीटर लांब असते आणि ड्राइव्ह तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा उलट, अशा एकूण १३६ फेऱ्यांत लिहितो. ३८ जीबीला त्यातल्या जेमतेम दोन-तीन फेऱ्या लागतात. म्हणजे जुन्या डेटाचा फार मोठा भाग त्या पट्टीवर खरोखरच होता. पण लिहिणं संपलं की ड्राइव्ह तिथे ‘इथे डेटा संपला’ अशी खूण करतो, आणि त्या खुणेच्या पलीकडे तो वाचायला जातच नाही. सॉफ्टवेअर कुठलंही लावा, ड्राइव्ह नकार देतो. हार्ड डिस्कवरून काढलेली फाइल कधी कधी परत मिळते, त्या अनुभवावर इथे विसंबता येत नाही.

साहेबांनी काकांना बोलावलं. टेप काढायची राहिली कशी? काका भिंतीवरचा तक्ता हातात घेऊनच आले होते, ३१ तारखेच्या चौकोनात त्यांची सही होती. ते काही बोलायच्या आत मी सांगितलं की सोमवारी ती टेप आत राहिली तरी पुसली जायची नव्हती, मी बंदी उठवली म्हणून पुसली गेली. साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आधी ड्रॉइंग परत उभी करा, मग बाकीचं.”

काही पीडीएफ जुन्या मेलमध्ये सापडल्या. काही अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या कागदी प्रती, शॉप फ्लोअरच्या कपाटात होत्या, कडा तेलाने पिवळ्या पडलेल्या. उरलेल्यांसाठी ड्राफ्ट्समन दादा गिऱ्हाइकाकडून झिजलेला भाग मागवायचे, टेबलावर पांढरं फडकं पसरून व्हर्नियरने मापं घ्यायचे आणि झीज किती झाली असेल याचा अंदाज धरून मूळ माप ठरवायचे. त्या कॅमचा घेर त्यांनी सात ठिकाणी मोजला, प्रत्येक माप वेगळं आलं, आणि कुठलं खरं हे ठरवायला त्यांचा अख्खा एक दिवस गेला. तो दिवस मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला.

नव्याने काय केलं

पहिलं काम, प्रश्न पडायचे तेच कमी करणं. बंदीची मुदत टेप परत येण्याच्या फेरीच्या काळाइतकी ठेवायची नाही. फेरीतून जॉबला लागणारा जास्तीत जास्त वेळ वजा करायचा, माणसांकडून होणारा उशीर वजा करायचा आणि वर एखादा दिवस मोकळा सोडायचा. दिवसांच्या टेपांना सातऐवजी पाच दिवस. चार आठवड्यांनी परत येणाऱ्या टेपांना २५ दिवस. वर्षाने परत येणाऱ्या महिनाअखेरच्या टेपांना ५० आठवडे. फक्त एवढ्याने सोमवारचं अडकणं बंद झालं, आणि संरक्षणाची पातळी पुन्हा ‘पूर्ण’वर नेली. खरं तर ऑगस्टमध्ये एवढंच करायला हवं होतं. आपोआप उत्तराची गरजच नव्हती.

मीडिया सेटबद्दल एक गैरसमज माझाही होता. मला वाटायचं जॉबला ‘दैनिक’ सेट दिला की तो दैनिक टेपवरच लिहील. तसं नाही. पुन्हा पहिल्यापासून लिहायचं असेल तेव्हा ज्या टेपची बंदी संपली आहे ती कुठल्याही सेटमधली असली तरी चालते, आणि लिहून झालं की ती नव्या सेटमध्ये जाते. सेटचं नाव टेपला वाचवत नाही, तिची मुदत वाचवते. जुन्या ड्रॉइंगसारख्या गोष्टींसाठी म्हणून कधीच न पुसायचा वेगळा सेट केला, त्यात प्रत्येक गोष्ट दोन टेपांवर, आणि एक टेप कारखान्याबाहेर.

मग सगळ्यात स्वस्त उपाय. एलटीओच्या टेपला कोपऱ्यात एक छोटी सरकती खिट्टी असते. ती बंद केली की ड्राइव्ह त्या टेपवर लिहीत नाही, सॉफ्टवेअरला कोणी काहीही उत्तर दिलेलं असो. आता महिनाअखेरची टेप बाहेर आली की डबीत जाण्याआधी काका ती खिट्टी नखाने सरकवतात आणि तक्त्यात सहीशेजारी ‘कुलूप’ लिहितात. अर्थात टेप बाहेर आलीच नाही तर खिट्टी सरकवायला कोण येणार? त्या चतुर्थीला हा उपाय एकटा पुरला नसता, म्हणून तो पातळी आणि मुदतीच्या जोडीनेच धरायचा.

आता आपोआप उत्तरं. कॅटेगरी एकेक करून पाहिली आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: इथे चुकीचं उत्तर गेलं तर काय जाईल, वेळ की डेटा?

‘टेप काढा’ या मेसेजला आपोआप ‘ओके’ दिलं. चुकलं तर काहीच जात नाही. ‘टेप घाला’ला दहा मिनिटांनी ‘ओके’. याचा उपयोग असा की काका टेप घालून निघून गेले आणि स्क्रीनवरचं बटण राहिलं, तरी जॉब टेप पुन्हा पाहतो आणि योग्य असेल तर चालू होतो. योग्य नसेल तर पुन्हा विचारतो. तो रात्रभर विचारत राहू नये म्हणून जॉबला मर्यादा घातली: ठरल्या वेळेनंतर सहा तासांत संपला नाही तर रद्द. ही मर्यादा विसरू नका, नाहीतर एका रात्रीचा अडकलेला जॉब दुसऱ्या रात्रीच्या जॉबचाही ड्राइव्ह अडवून बसतो.

‘वर लिहू का’ याला आपोआप उत्तर ‘नाही’. पातळी ‘पूर्ण’ असताना हा प्रश्न आमच्याकडे येत नाही. तरी उत्तर ‘नाही’ भरून ठेवलं, कारण उद्या माझ्यासारखाच कोणी घाईत पातळी खाली आणेल, तेव्हा निदान हे उत्तर मध्ये उभं राहील. एक मिनिटाची मुदतही काढली. तीस मिनिटं ठेवली, म्हणजे मेल वाचून माणसाला काही करायला वेळ मिळतो.

मेल दोघांना जातो, आणि फक्त अपयशाचा नाही. प्रत्येक रात्रीच्या मेलमध्ये कुठल्या टेपवर लिहिलं हे वाचायचं, नुसता हिरवा रंग बघायचा नाही, असं मॅडमनी स्वतःकडे घेतलं. त्यांना टेपची नावं माझ्याइतकीच पाठ आहेत.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र कुठल्याच अलर्टच्या सेटिंगने नाही. रात्री ९ चा बॅकअप आता आधी एका वेगळ्या डिस्कवर जातो आणि त्याची टेपवरची प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला निघते, माणसं हजर असताना. टेपचा कुठलाही प्रश्न अनुत्तरित राहिला तर अडते ती प्रत, बॅकअप नाही. रात्री टेपपाशी कोणी नसतं हे मान्य करून केलेली ही मांडणी आहे. डिस्क घ्यायला साहेब पहिल्याच बोलण्यात तयार झाले.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या हिशेबाच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि इलेक्ट्रॉनिक हिशेबांची बॅकअप प्रत भारतातल्या सर्व्हरवर ‘ठरावीक काळाने’ ऐवजी ‘दररोज’ ठेवायची असं झालं. तेव्हा मॅडमना वेगळं काही करावं लागलं नाही, रोजची प्रत डिस्कवर पडतच होती.

लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी

हाच धोका तिथे दुसऱ्या वेषात असतो. टार ही फाइली एकत्र करून टेपवर लिहिणारी कमांड. ती जेव्हा अनेक टेपांवर लिहिते तेव्हा एक टेप भरली की पुढची टेप तयार ठेवून एंटर दाबा असं सांगते. त्याला पाइपमधून आपोआप एंटर पुरवणारी माणसं मी पाहिली आहेत. टेपचं साधं डिव्हाइस बंद होताना टेप गुंडाळून सुरुवातीला आणतं. टेप न बदलता एंटर गेलं की दुसरा भाग पहिल्याच टेपवर, पहिल्या भागाच्या डोक्यावर लिहिला जातो. टारमध्ये यासाठी टेप संपल्यावर स्क्रिप्ट चालवायचा पर्याय आहे. त्या स्क्रिप्टने टेप खरंच बदलली का हे तपासावं आणि बदलली नसेल तर चुकीचा कोड देऊन बाहेर पडावं, मग टारही थांबतं. बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ‘पर्ज ओल्डेस्ट व्हॉल्यूम’ असं एक सेटिंग आहे. लिहायला टेप उरली नाही की मुदत न पाहता सर्वांत जुनी टेप ते मोकळी करतं. जॉब कधी अडकत नाही म्हणून ते फार मोहात पाडतं. ते लावू नका.

परीक्षा

डिसेंबरात एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं, काका, मॅडम आणि मी, मुद्दाम चुकीची टेप घालून बसलो. नोव्हेंबरअखेरची, खिट्टी उघडी ठेवून, पण तिची दुसरी प्रत आधीच काढून. जॉब सुरू केला. ‘टेप घाला’ आलं, दहा मिनिटांनी मिटलं, पुन्हा आलं. काका खुर्चीच्या कडेवर बसून स्क्रीनकडे बघत होते. चौथ्यांदा मेसेज आला तेव्हा त्यांनी विचारलं, “म्हणजे आता हा ऐकत नाही?” नाही ऐकत, म्हटलं. मग त्यांनी स्वतः योग्य टेप घातली, स्क्रीनवरच्या बटणाला हात लावला नाही, आणि सातव्या मिनिटाला जॉब आपोआप चालू झाला.

खरी वेळ मार्चमध्ये आली. २० मार्च २०२० च्या शुक्रवारी काकांनी आठवड्याची टेप घातली, त्यानंतर मुंबई परिसरातली कामाची ठिकाणं बंद झाली आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. शुक्रवारच्या रात्रीचा पूर्ण बॅकअप डिस्कवर गेला, त्याची प्रत शनिवारी त्या टेपवर निघाली. मंगळवारपासून टेपची प्रत रोज सकाळी दहाला उठायची, टेप मागायची, सहा तासांनी रद्द व्हायची. ते मेल मला कळव्याला राहणाऱ्या काकांच्या फोनवरही पाठवायला लागले, त्यांना चैन पडत नव्हतं. चार दिवस पाहून टेपची प्रत मी दुरून थांबवली आणि डिस्कवरचा बॅकअप तसाच चालू ठेवला.

जूनमध्ये कंपनीच्या गाडीने काका कारखान्यात आले, तो दिवस सोमवार होता. सर्व्हर रूममधून मला व्हिडिओ कॉल लावला. ड्राइव्हचं बटण दाबलं, टेप बाहेर आली, लेबल कॅमेऱ्यासमोर धरलं. आठवडा तीन, २०/३. मी म्हटलं परत घाला, एक फाइल काढून बघू. मॅडमनी सांगितलेलं मार्चचं एक व्हाउचर त्या टेपवरून काढलं, उघडलं, आकडा त्यांना वाचून दाखवला. बरोबर आहे, त्या म्हणाल्या. काकांनी टेप काढून डबीत घातली आणि चिठ्ठीवर लिहायला पेन शोधू लागले.